नाकपुडीच्या कडेचा व्रण

६ जानेवारी
नाकाच्या ऑपरेशनचे टाके काढून दहा आठवडे झाले. आज पहिल्यांदा तोंडाला काहीही न लावता रणजीतसमोर गेले. मुद्दाम नाही. अंघोळ करून बाहेर आले आणि ते आरशापुढे दाढी करत होते.

हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. दोन्ही नाकपुड्यांच्या कडेला, नाक गालाला मिळतं तिथं, दोन जाड लालसर रेषा. गांडुळं चिकटल्यासारख्या.

"हे काय झालंय?"
"भरतंय अजून."
"भरतंय? आधीचं बरं होतं म्हणायची वेळ आणलीस!"

मी आणली! पाच वर्षं 'ए भजं' म्हणून हाक कुणी मारली? सर्जनचा नंबर कुणी आणला? "दोन्ही बाजूंनी थोडं कापून आत घेतात, कळतही नाही" — हे मला कुणी समजावलं? मी पण गेले. मलाही वाटलं, एकदाचं बारीक झालं की बोलणं तरी थांबेल. हे खोटं कशाला लिहू, वाटलंच होतं.

मग अंगठ्यानं उजवी रेष दाबली. जोरात. डोळ्यांत पाणी आलं. "टणक लागतंय," म्हणाले. पपई तपासावी तसं!

९ जानेवारी
नेहा कंपनीत माझ्याच लाइनवर आहे, तिनं त्वचेच्या डॉक्टरचं नाव दिलं. दवाखाना पिंपरीत. चाकणहून कंपनीच्या बसनं उतरून तिथूनच गेले. इंद्रायणी मॅडम. चाळिशीच्या, कमी बोलतात. म्हणाल्या, सर्जनची चूक नाही, काहींची कातडीच अशी जाड भरते. सहा-आठ महिने धरून चला. दिवसातून दोनदा सिलिकॉनचं जेल, झोपताना कागदी टेप, उन्हात जायच्या आधी क्रीम आणि दर चार आठवड्यांनी व्रणातच सुई. प्रत्येक वेळी तीन फोटो काढणार — समोरून, डावीकडून, उजवीकडून. वर तारीख.

"एक सांभाळा," म्हणाल्या. "तिथं ताण नको. मार, धक्का काही नको. भरत आलेलं परत फाटलं की दुप्पट जाड होतं."

मी मान हलवली.

१० जानेवारी
पहिली सुई. बापरे! व्रण इतका टणक की औषध आत शिरेना. मॅडमनी जोर लावला. नाकातून थेट मेंदूत खिळा गेल्यासारखं वाटलं. खुर्चीचा हात असा धरला की नख तुटलं.

बरं वाटलं, खरं तर. ह्या दुखण्याचा काही उपयोग आहे.

२० जानेवारी
थालीपीठ करपलं. ताट फेकून मारलं. कानाला लागलं, नाकाला नाही. नशीब!

२८ जानेवारी
पेंट शॉपला काम असल्याचा एक फायदा. मास्क. आठ तास कुणाला काही दिसत नाही. ट्यूबलाइटच्या बोगद्यात उभी राहून गाड्यांचे रंगवलेले बंपर तपासते — चरा, फुगा, धुळीचा कण. सापडला की पिवळी पट्टी लावायची, माल बाजूला.

जेवणाच्या सुट्टीत मास्क काढला तर नेहा कानाकडे बघत राहिली. "ताई, हे नाकाचं ऑपरेशन कानाला कधी झालं?"

मी हसले. ती नाही हसली.

७ फेब्रुवारी
दुसरी सुई. डावीकडची रेष खरंच बसलीय. मॅडमनी महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवून दाखवला. घरी येऊन रणजीतना दाखवायला गेले. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "बाजूला हो, उजेड अडतोय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी आत आल्यावर हळूच म्हणाल्या, "मला दिसायलंय गं. कमी झालंय."

शालनबाई जिंतूरहून आमच्याकडे आल्या त्याला तीन वर्षं झाली. लेकापुढं आवाज नाही त्यांचा. लेकामागं असा एखादा शब्द.

१५ फेब्रुवारी
आता लिहिते. कालचं.

रणजीतच्या कंपनीचा फॅमिली डे होता. मी नको म्हणत होते. "सगळ्यांच्या बायका येतात, तुला काय सोनं लागलंय?" म्हणून नेलं. हॉल, जेवण, बायकांची संगीतखुर्ची. त्यांचा दोस्त गणराज ताट घेऊन आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काय वहिनी, मांजरानं ओरबाडलं का राव?" चारजण हसले. रणजीतही हसले. सगळ्यात मोठ्यानं.

परत येताना गाडी अशी हाणली की मोशीच्या सिग्नलला टेम्पोखालीच जायचो.

घरात पाऊल टाकलं, चपला काढायला वाकले, सरळ झाले — तोच उलट्या हाताची बसली. अंगठीवाल्या हाताची. उजवी रेष फुटली. आवाज आला, खरंच! कापड उसवावं तसा. मग रक्त ओठावरून तोंडात.

"चारचौघांत माझं हसं केलंस! पैसे देऊन हसं!"

भिंतीशी धरून अजून दोन. पोटात. सासूबाई दारात. त्यांनी हळदीची वाटी आणली ते सगळं झाल्यावर. "पदर लाव बाई. शेजारचे बघायलेत."

१७ फेब्रुवारी
इंद्रायणी मॅडमनी विचारलं, कसं झालं. मोरीत पाय घसरला म्हणाले.

त्यांनी पट्टी काढली, फोटो काढले. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "मोरीत पडलेल्या माणसाचं ढोपर फुटतं, दात हलतो. हे बाजूनं आलंय. गालावर अंगठीची कड उमटलीय."

मी हातानं गाल झाकला.

"मी जे दिसतं ते फाईलमध्ये लिहिणार आहे. तुम्ही काय सांगितलं तेही लिहीन. आता सहा आठवडे सुई नाही. पाच आठवड्यांची मेहनत गेली."

राग आला मला. त्यांचा! कोण ह्या? चिडून पायऱ्या उतरले. रिक्षात कळलं की राग त्यांचा नव्हताच.

१ मार्च
आज कांदा चिरताना किती वेळ सुरीकडे बघत होते. ते सोफ्यावर, पाठ माझ्याकडे. मान उघडी. असलं काही ह्या आधी कधी मनात आलं नव्हतं. लिहून ठेवते. आलं.

१२ मार्च
नेहाच्या घरी आहे. बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय.

संध्याकाळी सातला कामावरून आले तर रणजीत माझी दवाखान्याची फाईल घेऊन बसलेला. कपाटातल्या साड्यांखालून काढली होती. मॅडमचं एक वाक्य पुन्हापुन्हा वाचत होता — 'बाहेरून मार लागल्याची शक्यता जास्त.'

"गावभर सांगत फिरतेस?"
"मी नाही सांगितलं. अहो, खरंच—"

केसांना धरून ओढत स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या कडेवर कोपर आपटलं. बोटं ड्रॉवरमध्ये सापडली, त्यानं कमरेनं ड्रॉवर ढकलला. किंचाळले. त्यानं सुरी उचलली. पातं नाकपुडीखाली लावलं, वरच्या दिशेनं. गार होतं.

"कापूनच टाकतो. कटकट संपेल. डॉक्टरणीला पुडीत बांधून पाठव."

सासूबाई शेगडीपाशी, दोन हातांच्या अंतरावर. मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी भाजीखालचा गॅस बंद केला आणि बाहेर गेल्या. गेल्या!

मी ओरडू नये म्हणून त्यानं दुसरा हात तोंडावर दाबला. अंगठा ओठांत आला. मी चावले. दातांना हाड लागेपर्यंत चावले, आणि लागल्यावरही सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडला. सुरी खाली पडली. मी तिला लाथ मारून फ्रिजखाली घातली.

"परत हात लाव तू!" म्हणाले. तू. पाच वर्षांत पहिल्यांदा.

अनवाणी पळाले. तोंडात त्याचं रक्त. रस्त्यावर थुंकत होते आणि माणसं बाजूला होत होती. नाकपुडीखाली बारीक चीर आहे, खोल नाही.

नेहाच्या आईनं, कस्तुरामावशींनी, गरम पाण्याचं भगुणं आणि टॉवेल आणून ठेवला.

१३ मार्च
झोपले. उठले. पुन्हा झोपले.

१४ मार्च
नेहानं सुट्टी टाकली. दोघी चौकीत गेलो. तर हा आमच्या आधी येऊन बसलेला! अंगठ्याला हे एवढं बँडेज. तक्रार माझ्यावर — बायको वेडसर आहे, चावते. कंपनीत म्हणे सांगितलंय, दारात बोट सापडलं.

मीही मोरीत पडले होते. दोघं खोटं बोलायला चांगले शिकलो.

चौकीतल्या बाईंनी माझी तक्रार लिहून घेतली. मॅडमकडून मागवलेले फोटो बघितले. मग म्हणाल्या, "मारहाणीचं दिसतंय. पण सुरीचं काय? तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. अजून कोण होतं घरात?"

"सासूबाई."

बोलावलं. डोक्यावर पदर, हातात पिशवी, लेकाच्या मागून आल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"मी भाईर होते. मला काय दिसलं नाही."

१५ मार्च
रणजीतचा राग सवयीचा झालाय. पण ह्या बाईचा राग येतो तेव्हा कानशिलं ठणकतात. तिचे पाय चेपले मी डेंग्यूत. तिला मी आई म्हणायचे.

तिला पिशवीसकट हलवून विचारावंसं वाटतं — दिसलं नाही? दिसलं नाही? तिचे दात वाजेपर्यंत हलवावं.

३१ मार्च
पुन्हा सुई. ह्या वेळी मॅडमनी आधी बधिर करणारं मलम लावून अर्धा तास बसवलं. पहिल्या दिवशी का नाही लावलं, विचारलं. "लावलं होतं. तुम्ही इतक्या घट्ट बसला होतात, काही उपयोग झाला नाही."

उजवी बाजू जाड राहणार. थोडी तरी. लेझर करू पुढं, पण पूर्ण जाणार नाही म्हणाल्या. ठीक आहे.

८ एप्रिल
लाइनवर मास्कची दोरी तुटली. दुसरा आणायला स्टोअरला गेले, तोंड उघडं, अख्खी शॉप पार करून. दोनजणांनी बघितलं. बघू देत!

१९ एप्रिल
त्याचा फोन. "परत ये. नाकाचं काही बोलणार नाही."

पाठोपाठ: "नाही आलीस तर तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन तोंड फोडीन."

दोन्ही वाक्यांत एक श्वासही घेतला नाही त्यानं. रेकॉर्ड केलं. नेहानं शिकवलंय.

२६ एप्रिल
सकाळी साडेसहाला दार वाजलं. सासूबाई. एकट्या. भुवईवर फाटलेलं, डावा हात छातीशी धरलेला.

"तू गेलीस अन् माझी पाळी आली."

मी दारातच उभी राहिले. बाजूला झाले नाही. कस्तुरामावशींनी मला सारून त्यांना आत घेतलं.

अकराला चौकीत. हाताला प्लास्टर, कपाळाला चार टाके. बाईंनी विचारलं, काय काय झालं, सावकाश सांगा.

"माझं मागून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आधी हिचं. मी तितंच होते. समदं बघितलं."

दुपारी पोलिसांनी त्याला त्याच्या कंपनीच्या गेटवरून उचललं. सासूबाईंना सांगितलं. त्या रडल्या.

मी नाही.