तांबड्या ठिपक्याचे पैसे

मु. वरसे, ता. रोहा
दि. १२ जानेवारी २०२५

चि. साईराजशेठ यांस,
विष्णूकाकाचा आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. पेणला मूर्तींचं काम सुरू झालं असेल. आईंचे गुडघे कसे आहेत? मी चौथी शिकलेला, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

सोबत विठू रिक्षावाल्याच्या हाती तीन हजार आठशे चाळीस रुपये पाठवले आहेत. त्याच्यासमोर मोजू नका. गेल्या हंगामात मला मजुरी जास्त आली होती. हिशेबातली चूक, बाकी काही नाही.

एवढं लिहून पाकीट बंद केलं होतं. बायकोने, वत्सलाने विचारलं, झालं का पत्र? झालं म्हटलं. मग पाकीट परत फोडलं.

शेठ, डोळे आखून झाले की आम्ही मूर्तीच्या बुडाशी आपापल्या रंगाचा ठिपका ठेवतो. माझा तांबडा, शेजारी बसणाऱ्या हौसाचा पिवळा. तुमचे वडील बाबाजीशेठ ठिपका बघत नसत, डोळे बघून हात ओळखत. तुम्ही ठिपके मोजून मजुरी देता. शेवटच्या आठवड्यात हौसाची बाटली सुकली. तिने माझा तांबडा मागितला, मी दिला. तिचे चौसष्ट नग माझ्यात मोजले गेले.

तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बघा, काका या वयातही पुढे. माझा हात गणपतीच्या दोन महिने आधीपासून कापत होता. तुम्हाला कळलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही, ही धास्ती. मी मजुरीचं पाकीट खिशात घातलं.

हौसा आपल्या चौसष्ट नगांसाठी भांडली. तुम्ही म्हणालात, "काकू, आकडा फुगवायचा तर ठिपका तरी आपला ठेवायचा."

ती म्हणाली, "ठिपका तांबडा आसंल, डोलं माज्या हातचं हायत. विष्णूदादा, तू तरी बोल."

मी म्हणालो, "मला काय म्हायीत नाय."

त्यानंतर मीच काम सोडलं. तिला मात्र पेणच्या एकाही कारखान्यात कुणी घेत नाही, खोटे नग सांगणारी म्हणून. डोलवीला ठेकेदाराकडे झाडू मारते.

परवा ती वत्सलाला रोह्याच्या बाजारात भेटली. माझ्यासाठी मूठभर सुका जवळा बांधून दिला. दादाचा हात कसा आहे, विचारलंन. म्हणजे तिला तेव्हाच माहीत होतं, आणि तिने ते तुम्हाला सांगितलं नाही. जवळा तसाच फळीवर आहे. माझ्याच्याने खाववत नाही.

पैसे तिचे आहेत, पण तुमच्या हातून तिला मिळाले पाहिजेत, चारचौघांत. बुधवारी तिला बोलवा आणि सगळे कामावर असताना हे पत्र मोठ्याने वाचा. मी पहिल्या गाडीने येतो, रामवाडीला उतरून चालत. आलो नाही, तर वाट बघू नका. वाचा.

सगळ्यांसमोर खोटं बोललेला,
विष्णू