मांडीखाली हात

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

निजामपुरा, भिवंडी
५ डिसेंबर १९८८

ती. स्व. सौ. अक्कास, धाकट्या सुनीतीचा कृ. सा. न. वि. वि.

देवदयेने इकडे सर्व क्षेम. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव.

सांगायला संकोच वाटतो, पण चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. आमच्या महिला मंडळाने मला ठाण्याला शिबिरं चालवायच्या वर्गाला पाठवलं होतं. खेळ कसे घ्यायचे, तंबू कसा ठोकायचा, लाजऱ्या मुलीला शेकोटीपाशी गायला कसं लावायचं, असं सगळं शिकवलं. हे म्हणाले, की मंडळाने उगाच खर्च केला, माणसांना हुकूम सोडायला हिला निराळं शिकवावं लागत नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे आपल्या भागातल्या मुलींचं शिबिर भरवायचं. वर्गाच्या माधवीताई बघायला येतात आणि पसंत पडलं तर दाखला देतात. मंडळात वर्षभर ज्यांचा गट मी घेते त्या आमच्या गल्लीतल्या मुली दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरतात नाहीतर भावंडं सांभाळतात. लूमच्या खडखडाटाबाहेर एक रात्रसुद्धा कुणी निजलेली नाही. त्यांच्या आयांनी सांगितलं, की वहिनी, तुमच्याबरोबर पाठवतो, दुसऱ्या कुणाबरोबर न्हाय.

पडघ्याच्या पुढे ओळखीच्या हिरामणच्या आंबराईत उतरलो. अक्का, मी कशात कसूर केली नाही गं. मुली उठायच्या आत स्नान, पूजा, पाणी भरणं, झाडलोट आटपलेली. पोहे काय, पिठलं-भाकरी काय, सगळं वेळेवर. मुली खूश. माधवीताईंनी पिठलं दोनदा मागून घेतलं, तोंड भरून वाखाणलं आणि दाखल्यावर सही केली नाही. म्हणाल्या, की तुमच्या घरी पाहुण्या आल्या होत्या, शिबिर कुठे झालं?

मी आंब्याआड जाऊन रडले. संक्रांतीनंतर त्या पुन्हा एकदा येणार आहेत. तेव्हाही दाखला मिळाला नाही तर मंडळ या मुलींचा गट बंद करणार. मुलींना अजून सांगितलेलं नाही. माझं काय चुकलं तेवढं तू सांग.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस, इतकंच मागणं.

तुझी,
सुनीती

॥ श्री ॥

अलिबाग
१४ डिसेंबर १९८८

चि. सौ. सुनीतीस, विद्युल्लता अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी पोटभर हसले, मग वाईट वाटलं. तुझी ती ताई शहाणी दिसते. तुझ्या हातचं खाऊनही खरं बोलली म्हणजे धीराचीच बाई.

पडघ्याचं नाव वाचलं आणि आपलं खळं डोळ्यांपुढे आलं. तिथे आता गोदाम उभं आहे म्हणतात. भाताची राखण करायला तात्या आपल्याला खळ्यावर निजायला न्यायचे, आठवतं? तुला कसं आठवणार, तू पेंढ्यात शिरलीस की सकाळपर्यंत मेल्यासारखी. चूल मी मांडायचे. पहिल्यांदा मांडली ती वाऱ्याच्या तोंडाला. धुराने तात्यांचे डोळे लालभडक झाले, भाकरीचा कोळसा झाला. आई पाहायला आली ती लांबूनच ओरडत, की पोरीचे हात भाजतील, तुम्ही बसलात काय नुसते? तात्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. आईला म्हणाले, की हे बाहेर काढले तर ती उद्या परत तशीच चूल मांडेल.

मी मात्र दुसऱ्या दिवशी दगड फिरवले. आजही चूल मांडताना आधी वारा बघते, आणि तात्या शेजारी खोकत बसलेत असंच वाटतं.

तुझ्या हाताशी आई कायम उभी. नंतर तू स्वतःच आई झालीस. तेव्हा बाई, तूही बस. बसवत नसेल तर हातात जपमाळ घे, म्हणजे हात गुंतलेले राहतील आणि पुण्यही लागेल.

आता गुडघ्यांचं विचारू नकोस, ते माझ्याआधी म्हातारे झालेत. अशीच पत्रं धाडून म्हातारीला हसवत राहा, हा आशीर्वादवजा हुकूम.

तुझी,
अक्का

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

निजामपुरा, भिवंडी
२४ जानेवारी १९८९

ती. स्व. सौ. अक्कास, सुनीतीचा कृ. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. प्रवासात चुरा झाला असेल, तरी गोड मानून घे.

कालच आंबराईतून परतलो. अक्का, उपास सोपे, पण नुसतं बसणं फार कठीण. पोरींनी तंबूचं तोंड वाऱ्याकडे केलं. मी बसले. शेवंताने वरणात मीठ घातलं, मागून कलावतीने पुन्हा घातलं. माझी माळ नुसती फिरत होती, नाम कुठलं आणि काय! एकदा उठलेसुद्धा, तर माधवीताईंनी नुसतं बघितलं. खाली बसले आणि खरंच हात मांडीखाली घातले. तेव्हा तात्यांची अशी आठवण आली, की डोळ्यांना धूर लागल्याचं निमित्त झालं.

भात खाली करपला, वर कच्चा. पोरी एकमेकींवर तुटून पडल्या. तेव्हा कलावती, जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता, ती पळी उगारून उभी राहिली. म्हणाली, की भांडण बास, तू लाकडं मागे ओढ, तू पाणी शिंपड, वरचा भात दुसऱ्या पातेल्यात काढा. आणि सगळ्यांनी ऐकलं!

मग नैवेद्य. शेवंता ताट घेऊन आली आणि विचारू लागली, की वहिनी, देवाला असलं करपलेलं चालंल का न्हाय? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आपल्याकडे तुटकी पोळीसुद्धा देवापुढे ठेवलेली मला आठवत नाही. मी सांगितलं, की ठेव, आणि सगळ्यांच्या आधी हात जोडले. पाप लागलं असेल तर माझ्या माथी. खारट वरण, धुरकट भात, पण पोरींनी पातेलं पुसून खाल्लं.

माधवीताईंनी शेकोटीच्या उजेडातच सही केली. मुलींचा गट आता चालू राहणार.

सकाळी सवयीने जाग आली, तर बाहेर चूल पेटल्याची चाहूल. कलावती कुणाला तरी दटावत होती, की हळू बोल, वहिनी निजल्यात. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, कुणीतरी चहा घेऊन हाक मारेपर्यंत मी डोळे मिटून पडून राहिले.

भाऊजींना नमस्कार. आहे तशीच माया राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
सुनीती