यजमान शेवटी

१ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. संचालकांनी बोलावून सांगितलं, सगळ्या देशासाठी एकच सामायिक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप येतोय आणि त्याचं केंद्र तुम्हीच सांभाळायचं. गोठवलेलं प्रोटीन त्यात आकारासकट दिसतं. माझं प्रोटीन अकरा वर्षं याच यंत्राची वाट बघत फ्रीझरमध्ये पडलंय. थोडे आढेवेढे घेतले, मग हो म्हटलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. सहा महिन्यांत केंद्र मार्गी लावायचं, पहिला नंबर आपला लावायचा, की परत आपल्या लॅबमध्ये.
बायको म्हणाली, सोसायटीचं सेक्रेटरीपदही तुम्ही दोनच महिन्यांसाठी घेतलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. तिला प्रत्येक गोष्टीत जुनं उकरून काढायची सवय आहे.

९ मार्च
नियमावलीची मीटिंग. बाहेरच्या संस्थेच्या एक बाई सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, कुंपणच शेत खाणार नाही कशावरून? माझं डोकं फिरलं. उभा राहिलो आणि म्हणालो, आम्ही यजमान आहोत, आणि यजमान सगळ्यांच्या शेवटी जेवतो. टाळ्या! तेच वाक्य कलम सात झालं : यजमानांचे अर्ज शेवटी घ्यावेत. टाळ्या थांबेनात म्हणून कलम नऊही मीच सुचवलं. ज्या प्रोटीनची रचना आधीच प्रसिद्ध झाली आहे, त्याला वेळ द्यायचा नाही.
घरी येताना जराशी चुटपुट लागली. पण अर्ज येऊन येऊन किती येणार? दहा.

२ जून
त्रेसष्ट.

१९ जून
यंत्र तळघरात. ते चालू असताना लिफ्ट बंद, दार बंद, मोठ्याने बोलणं बंद. जरा धक्का बसला की चित्र हलतं. शिकलेला ऑपरेटर मिळेपर्यंत मीच बसणार. फक्त या आठवड्यापुरतं.

७ जुलै
एका प्राध्यापकाने गोठवलेला नमुना साध्या पाकिटातून पोस्टाने पाठवला. वर लिहिलंय, 'थंड जागी ठेवावे.' फोन केला तर म्हणाले, तुमच्या वेबसाइटवर तसंच लिहिलंय. बघितलं. लिहिलंय खरं. मीच लिहिलंय.

१२ ऑगस्ट
ऑपरेटर तयार! हुशार माणूस. दीड महिना शेजारी बसवून सगळं शिकवलं. सुटलो. सोमवारपासून माझी लॅब.

२९ ऑगस्ट
देशातलं दुसरं केंद्र मंजूर झालं. ऑपरेटर तिकडे प्रमुख म्हणून गेला. शिफारसपत्र माझंच होतं. त्यात 'यांच्यावाचून आमचं अडेल' असं लिहायला नको होतं. अडलं.

३ नोव्हेंबर
घरी शिरताना ऐकलं, बायको शेजारणीला सांगत होती, आमचे यजमान हल्ली तळघरात राहतात. दोघी बराच वेळ हसत होत्या. मला त्यात विनोद दिसला नाही.

१६ जानेवारी
अर्ज क्रमांक एकेचाळीस माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. कुठल्याशा लांबच्या, लहान कॉलेजात शिकवते. प्रोटीन? माझंच! दुसऱ्या पानावर तिची सही राहिलीय. नियमाने अर्ज बाद होतो. तासभर त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. मग फोन करून सही मागवली. मनाचा मोठेपणा म्हणून. शिवाय मला अकरा वर्षांत जमलं नाही, ते तिला काय जमणार!

२४ फेब्रुवारी
तिला जमलं.
कॉलेजच्या जुन्या फ्रिजच्या उघड्या दारात उभं राहून तिने नमुना शुद्ध केला म्हणे. नमुन्याभोवतीचा बर्फ काचेसारखा स्वच्छ. यंत्र मीच चालवत होतो, म्हणून स्क्रीनवर आकार आधी मला दिसला. अकरा वर्षं मी तो बंद मुठीसारखा समजत होतो. तो उघडा आहे. माझ्या प्रत्येक चित्रात तो चुकलाय. फार सुंदर आहे. मला रडू आलं. पण तिथे हुंदका द्यायचीही सोय नाही, चित्र हलतं.
ती हळूच म्हणाली, सर, हे केंद्र नसतं तर आमच्या कॉलेजातून हे कधीच झालं नसतं. मी मान डोलावली, पण सावकाश.

३० एप्रिल
तिचा पेपर आला. आभारात माझा उल्लेख आहे. यंत्राच्या मॉडेल नंबरनंतर.
काही बिघडलं नाही. माझं प्रोटीन जरा वेगळ्या पद्धतीने शुद्ध केलेलं आहे. वेगळंच दिसेल. दिसायला हवं.

११ जून
माझी पाळी आली! बासष्ट झाले, त्रेसष्टावा मी. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनेही आज टोमणा मारला नाही, उलट डबा स्वतः भरून दिला. अर्ज समन्वयकाच्या मंजुरीसाठी उघडला. समन्वयक मीच. कलम नऊ समोर आलं : रचना आधीच प्रसिद्ध.
दुपारपर्यंत पळवाट शोधली. नियम फारच पक्का लिहिलाय, गाढवाने.
चार वाजता नामंजूर केला. चार वाजून एक मिनिटाने माझ्याच फोनवर मेल आला : 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही, हे कळविण्यास खेद वाटतो.' किती कोरडी भाषा! माणसाने अकरा वर्षं घातलीत, चार शब्द बरे लिहायला काय जातं? तक्रार करावी म्हणून खाली बघितलं. तक्रारीसाठी माझाच नंबर.
उद्या आठला पुढच्या फेरीचा पहिला अर्जदार येतोय. लिफ्ट बंद करायला साडेसातला पोचायला हवं.