एक्सपोर्ट तेवढा बाकी आहे

३ मार्च
नवी सिस्टिम टाकली. कॉम्प्युटर मध्येच अनेकदा बंद-चालू झाला, पण मी घाबरलो नाही. शेजारचे लोक एवढ्याशा कामाला माणूस बोलावतात.

आता बाबांचं काम. बाबांना आईची होडीतली कॅसेट बघायची आहे. त्या सहलीला बाबांची ड्युटी होती, ताईची परीक्षा. आई आणि मीच गेलो होतो. आई पाण्याला एवढी घाबरायची की ती होडीत बसली हे बाबांना अजून खरं वाटत नाही. आई गेल्यापासून कॅसेट मागतायत. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, जे दाखवायचं ते लवकर दाखवा.

अवघड काही नाही. कॅसेट मी कधीच कॉम्प्युटरवर घेतली आहे. एक्सपोर्ट तेवढा बाकी आहे. नव्या सिस्टिमवर तो झपाट्याने होईल, म्हणून तर हा खटाटोप. रविवारी दाखवतो असं सांगून टाकलं.

संध्याकाळी
डिस्कवर जागा कमी. ‘जुनी सिस्टिम’ नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं, उडवलं. नक्की उडवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नक्की म्हणालो. घरात एवढा ठाम निर्णय फक्त मीच घेऊ शकतो.

५ मार्च
एन्कोडर उघडत नाही. म्हणजे कॅसेटवरचं चित्र टीव्हीवर चालेल असं करून देणारं माझं जुनं, विश्वासू सॉफ्टवेअर. आयकॉनवर क्लिक केलं की गोल फिरतं आणि थांबतं. नव्या जागी कुणालाही रुळायला वेळ लागतो. काळजीचं कारण नाही.

६ मार्च
आता निरोप येतो. ‘हे अ‍ॅप या सिस्टिमवर चालणार नाही.’ कारण काही नाही. ऑफिसात मी असं उत्तर दिलं असतं तर मेमो हातात पडला असता. सेटिंगमध्ये जाऊन एन्कोडरला आपण जुन्याच सिस्टिमवर आहोत असं भासवलं. तो फसला नाही.

हिने सुचवलं, त्या फाइल्स दुसऱ्या कशात तरी लावून बघा. लागत नाहीत. त्या एन्कोडरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहेत, त्या दुसरं कुणी उघडूच शकत नाही. मी मुद्दाम तशा ठेवल्या. साध्या फॉरमॅटमध्ये क्वालिटी जाते. ही म्हणाली, काही दिसतच नाही तर क्वालिटी घेऊन काय करायचं? टेक्निकल विषयात हिच्याशी बोलणं व्यर्थ.

९ मार्च, रविवार
बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. चष्मा दोनदा पुसला. पाच मिनिटं म्हणालो. जेवायच्या वेळी पुन्हा पाच मिनिटं म्हणालो. चहाच्या वेळी ते स्वतःच म्हणाले, तुझं चालू दे, मी बसलोय.

संध्याकाळी ताईचा फोन. बघितलं का बाबांनी? मी म्हटलं, एक्सपोर्ट तेवढा बाकी आहे. ती म्हणाली, हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. ताईला अतिशयोक्तीची सवय आहे.

१० मार्च
उपाय सापडला! परत जुन्या सिस्टिमवर जाता येतं. एक बटण आहे. उगाच जीव टांगणीला लावला होता.

नंतर
बटण दाबलं. त्याला ‘जुनी सिस्टिम’ नावाचं फोल्डर लागतं.

हिला सांगितलेलं नाही. डिस्कवर जागा मात्र भरपूर आहे.

१३ मार्च
एन्कोडरच्या कंपनीला कडक ईमेल लिहिली. जुना ग्राहक असल्याचं ठणकावून सांगितलं. ईमेल परत आली. पत्ता अस्तित्वात नाही. कंपनीही नाही.

मात्र इंटरनेटवर एकाची हुबेहूब हीच अडचण सापडली. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याने लिहिलंय, ‘जमलं, सगळ्यांचे आभार.’ कसं जमलं ते लिहिलेलं नाही. त्याला मेसेज टाकला. तो त्यानंतर तिथे फिरकलेलाच नाही. काम झाल्यावर कोण कुणाला विचारतो?

१७ मार्च
कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मान वर न करताच दुकानदार म्हणाला, सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, मूळ कॅसेट आणा, पुन्हा घेऊन देतो, उद्या मिळेल.

मूळ कॅसेट नाही. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली त्याच आठवड्यात मी कपाट रिकामं केलं होतं. डिजिटल कायमचं असतं, असं तेव्हा घरात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. हिने ती कॅसेट राहू द्या म्हटलं होतं. मी तिला बुरशी, धूळ आणि चुंबकीय पट्टी यांच्यावर बरंच ऐकवलं होतं.

दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अशा माणसांना धंदा कसा करावा ते कळत नाही.

२२ मार्च
ऑफिसच्या अडगळीतून जुना कॉम्प्युटर उचलून आणला. पाठ धरली. पण एन्कोडरची सीडी चालली! तो उघडला! तोच जुना निळा चौकोन! बाबांना हाक मारली. ते भिंतीला हात लावत आले. या आठवड्यापासून तसेच चालतात.

मग एन्कोडरने लायसन्स तपासायला कंपनीशी संपर्क साधायला घेतला. ‘कनेक्ट होत आहे.’

बाबांनी विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, कनेक्ट होतंय. बरं म्हणाले आणि खुर्चीत टेकले. नसलेल्या कंपनीची वाट आम्ही अंधार पडेपर्यंत पाहिली.

३० मार्च
डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं दाखवली. बाबा म्हणाले, हात दिसतोय, बोटं तुम्ही सांगा.

रिक्षात मी बाबांना समजावलं की फाइल अगदी सुरक्षित आहे, एकही बिट हललेला नाही. बाबांनी मान डोलावली, मी नव्हतो त्या बाजूला बघून.

२ एप्रिल
संकल्प: प्रोग्रामिंग शिकून फाइल स्वतः उघडायची. पुस्तक आणलं.

३ एप्रिल
पुस्तक प्रस्तावनेपर्यंत छान आहे.

६ एप्रिल, रविवार
दुपारी बाबांनी हाक मारली. टीव्हीसमोरच बसले होते, टीव्ही बंद. म्हणाले, आता चित्र जमलं तरी मला उपयोग नाही. तू सांग, त्यात काय आहे ते.

हे सोपं होतं. फाइल केवढी आहे, सेकंदाला किती फ्रेम आहेत, रंग कसे सांभाळलेत, सगळं सांगितलं. मला पाठ आहे. ते म्हणाले, ते नको. आईचं सांग. होडीत चढताना ती घाबरली होती का?

आठवेना. फोकस जात होता एवढं आठवतं. पाण्यावर ऊन चमकत होतं, म्हणून मी सारखा लेन्सशी खटपट करत होतो.

हसली का, विचारलं त्यांनी. काठ घट्ट धरून बसली की कुणाचा हात धरला? काही म्हणाली का?

मी म्हटलं, रेकॉर्डिंग चालू होतं बाबा, नंतर निवांत बघू असा विचार केला होता. नंतर बघितलं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक्सपोर्ट झाल्यावर बघणार होतो.

बाबा रागावून नाही, आपलं एक लक्षात आलं म्हणून बोलावं तसं म्हणाले, “म्हणजे तूपण त्या सहलीला गेला नव्हतास.”

मला यावर बरंच बोलता आलं असतं. बाबांनी चाचपडत सोफ्यावर बाजूला सरकून जागा केली. मी बसलो.