पूजा झालेली, न घेतलेली गाडी

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजी,

नागपूरहून देवरावचा नमस्कार पोचावा. तुमचा खोकला आणि यमुताईची साखर गेल्या महिन्यात होती तेवढीच असावी. कमी झाली असेल अशी आशा या वयात मी धरत नाही. वाढली नसली म्हणजे गणपतीची कृपा. फोन असताना हे पत्र का लिहितो, असे तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही ‘बोल देवराव’ म्हणता, मग स्वतःच बोलता आणि ‘ठेवतो’ म्हणून ठेवून देता. पत्रात तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागेल. (यमुताईने हे वाचून दाखवताना मधे गाळू नये, ही विनंती.)

प्रश्न एकच आहे. एक जुनी चारचाकी स्वस्तात मिळते आहे, घ्यावी की नाही? किती स्वस्तात ते लिहीत नाही, कारण आकडा वाचून तुम्ही गाडीची नव्हे, माझी तब्येत विचाराल.

आम्हा दोघांना गाडी कशाला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्कूटरवरून आम्ही पडलो त्याला आता आठ महिने झाले. कुत्रे मधे आले, मी ब्रेक दाबला, कुत्रे गेले, मला खरचटलेसुद्धा नाही आणि रुख्मिणीच्या खुब्याचे हाड मोडले. देवाने वाटणी अशी का केली हे मी त्याला अजून विचारलेले नाही. आता ती काठी घेऊन घरात फिरते. डॉक्टर म्हणतात, बाहेर न्या. पण स्कूटरवर ती बसणार नाही, आणि ऑटोत एकदा बसवले तर कोपऱ्यावरच्या खड्ड्यात अशी कळवळली की तिथूनच परत आणले. काटोलला तिची आई अंथरुणावर आहे. सासूबाईंना फोनवर आवाज ओळखू येत नाही. व्हिडिओवर दाखवले तर त्या सुनेला म्हणाल्या, ‘ह्या बाईले डब्यात काहून कोंडलं वं?’ रुख्मिणी त्यावर पुष्कळ हसली आणि मग दोन दिवस जेवली नाही. समोर बसली तर त्या चेहरा ओळखतील, असे तिची भावजय सांगते. आणखी किती दिवस ओळखतील, ते सांगत नाही. मला वाईट वाटते ते याचे की रुख्मिणी मला दोष देत नाही. ‘मले कुठं जायचंच नाही,’ म्हणते आणि वाटाणे सोलत बसते. वाटाणे नसले तर नुसतीच बसते.

म्हणून मी भैय्याजींकडे गेलो. उमरेड रोडवर त्यांचा जुन्या गाड्यांचा बाजार आहे, म्हणजे एक कडुलिंब आणि त्याखाली आठ गाड्या. त्यातली सर्वांत दुःखी दिसणारी गाडी माझ्या ऐपतीची निघाली. पांढरी आहे, निदान उन्हात पांढरी दिसते. खिडक्या चार आणि काच खाली करण्याचा दांडा एकच. तो ज्याला गरम होईल त्याच्या हाती द्यायचा. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, उजवीकडे वळताना दाबला तरी वाजत नाही. गाडी सतरा वर्षांची आहे, पण सरकारी कागदावर तिला आणखी तीन वर्षे आयुष्य वाढवून मिळाले आहे. असा कागद माणसाला मिळत नाही. मिळाला असता तर बरे झाले असते की वाईट, यावर मी परतीच्या बसमध्ये विचार करत राहिलो आणि माझा स्टॉप मागे राहिला. भाऊजी, गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात माझी सव्वीस वर्षे गेली. थान नुसते चिमटीत धरले की ते धुतल्यावर किती आटेल हे मी सांगतो. गाडीला चिमटीत कुठे धरणार? शेवटी सीटचे कव्हर धरून पाहिले. कापड उत्तम निघाले. (गाडीत तेवढे एकच नवीन होते, हे नंतर कळले.)

आपल्या डोळ्यांवर भरवसा नको म्हणून आमच्या वस्तीतल्या संघपालला नेले. तो गाड्यांचा मेकॅनिक आहे आणि खोटे बोलत नाही, त्यामुळे त्याचे गॅरेज लहान आहे. तो गाडीखाली गेला आणि इतका वेळ आला नाही की मला त्याचीच काळजी वाटू लागली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, ‘काका, इंजन चांगलं आहे. बाकी गाडीच नाही आहे.’ मी विचारले, काटोलला जाऊन येईल का? तो म्हणाला, ‘जाईन. येईनबी. पर तुम्ही तिले घाई नका करू.’ पैसे देऊ केले तर घेईना. ‘बिमार माणसाले पाहाले जातो तं पैसे घेतो काय आपण?’

एवढे ऐकून शहाणा माणूस घरी गेला असता. मी भैय्याजींना म्हटले, मला एकदा आमच्या गणपतीला विचारू द्या. आपल्या गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवले होते की वस्तू पाहिल्याशिवाय मत देऊ नये. म्हणून मला वाटले, देवाने तरी न पाहता कसे सांगावे? गाडी देवळासमोर उभी करावी, आत जाऊन विचारावे आणि जे मनात येईल ते करावे. (चूक झाली ती इथे. सरळ दोन चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या.) भैय्याजींनी स्वतः गाडी चालवत आणली, मी शेजारी बसलो. देवळाच्या दारात इंदूबाई फुलांचे दुकान लावते. वीस वर्षे मी तिच्याकडून दुर्वा घेतो. रुख्मिणी पडली तेव्हा दवाखान्यात डबाही तिनेच आणला होता. मी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि आत गेलो. डोळे मिटून सगळे सविस्तर मांडले, संघपालचे मतही सांगितले. मन अगदी स्वच्छ होते, म्हणजे त्यात उत्तर असे काहीच येत नव्हते. अर्धा तास गेला असावा.

बाहेर येऊन पाहतो तर गाडीला झेंडूचा हार, पुढच्या पट्टीला लिंबू-मिरच्या, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चारही चाकांखाली चार लिंबे, आणि पुजारी गाडीला ओवाळताहेत. वस्तीतली दहा-पंधरा माणसे हात जोडून उभी. इंदूबाईच्या डोळ्यांना पाणी. ‘देवरावभाऊ, आता माही रुख्मी देवळात येईन गा!’ म्हणाली आणि हाराचे पैसे काही घेईना. तिथे उभे राहून ‘ही गाडी माझी नाही, मी अजून विचारतो आहे’ असे सांगायचे धैर्य मला झाले नाही, भाऊजी. कोणीतरी पेढे मागितले. मी आणले. मग भैय्याजींनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरूच होईना. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली, तेव्हा ती सुरू झाली आणि लिंबे फुटली. चारपैकी तीन. चौथे निसटून नालीत गेले. आता याचा अर्थ काय घ्यायचा? तीन चाके देवाला मान्य आहेत काय?

वाटेत मी हळूच म्हटले की विचार करून कळवतो. भैय्याजी माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांचा विश्वासघातच केला आहे. ‘काहून मजाक करून राहिले, देवरावभाऊ? तुमच्या नावानं पूजा झालेली गाडी म्या दुसऱ्याले कशी विकू गा? मी बालबच्चेवाला माणूस आहो.’ दोन माणसे एकाच गाडीत बसून पापाला घाबरत होती, आणि गाडी डावीकडे वळली की हॉर्न वाजत होता.

तेव्हा तुम्ही विचार करून, यमुताईलाही विचारून, घ्यावी की न घ्यावी ते स्पष्ट कळवावे. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. मुलाबाळांना आमचा आशीर्वाद सांगा आणि खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका.

तुमचा मेहुणा,
देवराव

ता. क. गाडी गुरुवारपासून आमच्या दारात उभी आहे. हार वाळला. तरी तुमचे मत कळवावेच, ऐकायला बरे वाटेल.

ता. क. २. मला गाडी चालवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वर ते लिहायचे राहून गेले. शिकून घेईन, पण रुख्मिणीला मागे बसवून पुन्हा ब्रेक दाबण्याची हिंमत माझ्यात नाही. तुम्ही एकतीस वर्षे एस. टी. चालवली आणि तुमच्या हातून कोणाला ओरखडाही आला नाही. निरोपाच्या दिवशी ‘आता स्टेअरिंगला हात लावणार नाही’ असे तुम्ही म्हणालात, ते मी तिथे बसून ऐकले होते. तरीही मागतो. एकच दिवस. काटोलला जाऊन यायचे.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी घरात पाहिले तर रुख्मिणी कुठे नाही. बाहेर गेलो तर ती गाडीत मागच्या सीटवर बसलेली, लुगडे बदललेले, काठी मांडीवर आडवी. आठ महिन्यांत पहिल्यांदा एकटीने उंबरा ओलांडला. मला म्हणाली, ‘भाऊजी कवा येऊन राहिले?’ मी म्हटले, पत्र अजून टाकायचे आहे. ती म्हणाली, ‘मंग टाका न. मी बसून आहो.’