साखरपुड्यातली छोटी ताटं

तीर्थस्वरूप शिवम्मा मावशीस,

परभणीहून स्वप्नाचा शरणार्थ. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेतेस, की नुसतंच बाटलीकडे बघत बसतेस? इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. बाकी काही ठीक नाही, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण तू मध्येच हसायला लागतेस, मग मलाही आवरत नाही, आणि आता हसून चालणार नाही. तुझ्या भावाच्या मुलीचं लग्न माझ्यामुळे अडलं आहे.

बोरीला त्रिवेणीच्या साखरपुड्याला गुडघ्यामुळे तू आली नाहीस, ते बरंच झालं. (खरं तर झालं नाही. तू असतीस तर मला टेम्पोतून ताटं उतरवूच दिली नसतीस.) माणसं जाड का होतात आणि समोर चार पदार्थ असले की हात आधी कशाकडे जातो, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली, हे तुला ठाऊक आहेच. तू चारचौघांत सांगतेस तसं, लोकांच्या ताटात डोकावायचा मी पगार घेते. तर या डोकावण्यातून मला एक पक्की गोष्ट कळली होती. ताट लहान असलं की माणूस कमी घेतो, आणि कमी घेतल्याचं त्याच्या ध्यानातही येत नाही. पोरांच्या खानावळीत मी हे कितीदा तरी पाहिलं होतं. महांतेशमामाची शुगर आणि आपल्या एकूण पाहुण्यांचे घेर बघून वाटलं, घरच्या कार्यातही करून बघावं. ताटं मी आणते म्हटल्यावर मामा खूश. भाची एकदाची घरच्या कामाला लागली म्हणून गावभर सांगत फिरला.

खानावळीत पोरं आपल्या हाताने वाढून घेतात. पंगतीत जेवणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तिथे वाढप्यांचं राज्य, आणि ताटाचा कोपरा रिकामा दिसला की त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. हे बोरीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मी मात्र आयुष्यभर पंगतीत जेवूनही विसरले.

पुरणपोळी ताटाबाहेर लोंबायला लागली. आमटीला जागा नव्हती, ती खिरीत शिरली. भज्यांनी भातावर बैठक मारली. नवरदेवाचे वडील, पालमचे, तुझ्याच गल्लीतले किराणावाले रेवणसिद्धअप्पा, यांनी ताट उचलून उजेडात धरलं आणि शांतपणे मला विचारलं, "बाई, हे ताट हाय का डब्याचं झाकण? आमी जेवायला आलाव का चाखायला?"

मी त्यांना शास्त्र समजावून सांगायला लागले. (हो, मावशी. व्याह्याला. भर पंगतीत. हातात पाण्याचा जग घेऊन.) तेवढ्यात मागच्या ओळीत कुजबुज सुरू झाली की स्वयंपाक कमी पडलाय, म्हणून ही झाकणं मांडलीत. ते मामाच्या कानावर गेलं. मग त्याने शर्टाच्या बाह्या सारल्या, तुपाचं भांडं हातात घेतलं आणि स्वतः आग्रहाला उतरला. नको म्हणणाऱ्याच्या हातावर पोळी, हात मागे घेणाऱ्याच्या मांडीवर पोळी. आमचा बजरंग ड्रायव्हर गाडी चालवायची आहे म्हणून हात जोडत होता, त्याच्या जोडलेल्या हातांतही एक गेली. लहान ताटाने माणूस किती जास्त जेवू शकतो, हे त्या दिवशी मला कळलं. माझ्या शास्त्रात हे कोणीच लिहिलेलं नाही.

पाहुणे डुलत डुलत गेले, पण लग्नाची तारीख न सांगता. नवरदेव शंभुराज पोरगा भला आहे, पण बापापुढे तोंड उघडत नाही. त्रिवेणी नोकरीसाठी माझ्याकडेच राहते, आणि साखरपुड्यापासून तीही माझ्यापुढे तोंड उघडत नाही. डबा भरते, दार ओढते, जाते. तिला तो पोरगा मनापासून आवडलाय, आणि एवढं लग्न अडायला कारण म्हणून ताटाचा आकार सांगणं मलाही जड जातं.

काल अप्पांचा निरोप आला. तारीख जेवताना ठरवू, रविवारी पालमला या, मामाला आणू नका, डॉक्टरीणबाईच (म्हणजे मी) पाहिजेत. ताटं आमची राहतील.

तू डाळ-भाकरीवर राहा आणि रात्री भात टाळ. गुडघ्यावरचं वजन उतरेल.

तुझी,
स्वप्ना

ता. क. रविवारी तू माझ्या शेजारी बसायचं आहेस. मी जेवताना मध्येच थांबले तर सोयरीक नको म्हणून थांबले असं ती माणसं धरतील. लोकांना 'पुरे' म्हणायला शिकवण्यात माझे केस पांढरे झाले. स्वतःहून 'अजून वाढा' कसं म्हणायचं, आणि ते मनापासून आल्यासारखं कसं दिसतं, ते मला येत नाही. तू मला शिकव. वर भाताचं लिहिलंय ते रविवार सोडून.

ता. क. दुसरा. हे लिहीत असताना त्रिवेणीने माझ्या पुढ्यातली चहाबरोबरची बिस्किटं उचलून नेली. "रविवारपर्यंत भूक राखून ठेव, अक्का," एवढंच म्हणाली. साखरपुड्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी चहा नुसताच प्यायले.