आधी माझ्या कानात

४ ऑक्टोबर
आज परत तेच!
कारखान्याच्या गेटसमोर सभा. माइक-भोंगे नेहमीप्रमाणे आपल्या दुकानाचे. मी मिक्सरवर, कानाला हेडफोन. आपली खासदार सुचेता बोलत होती आणि कारखान्याची अख्खी वसाहत, सगळा बरखेडा, चिडीचूप. बोलता बोलता ती अर्धा श्वास थांबली. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं. माझ्या हेडफोनमध्ये मात्र मागच्या खुर्चीवरून सुरेशची कुजबुज आली — "बोल दीजिए, एक भी क्वार्टर खाली नहीं होगा." तिचा सेक्रेटरी. खुर्ची तिच्या पाठीला चिकटवून बसतो, माइक तेही उचलतो.
आणि मग तेच वाक्य तिच्या तोंडून आलं. सुरेश बोलला तेव्हा ते रेशनच्या रांगेतल्या बोलण्यासारखं वाटलं होतं. ती बोलली आणि कारखान्याच्या जुन्या क्वार्टरांतल्या बायका उभ्याच राहिल्या. एक म्हातारी रडत होती. माझ्याही अंगावर काटा आला — मी आधी ऐकलेलं असूनसुद्धा!
प्रत्येक सभेत असं होतं. वाक्य आधी माझ्या कानात, मग लोकांच्या.

५ ऑक्टोबर
कारखान्यातल्या मनोहररावांनी घर हलवायचा टेम्पो रद्द केला. रिटायर होऊन चार वर्षं झाली, क्वार्टर सोडायची नोटीस दोनदा आली. मिसरोदला भाड्याची जागा ठरली होती. सरोजवहिनींनी पितळी भांडी बांधून ठेवली होती, ती सकाळी परत मांडली.
"सुचेता बोलली ना. आता कशाला जायचं?"
मी म्हटलं, क्वार्टरांच्या इस्टेट ऑफिसात विचारलंत का?
"बाळूभाऊ, तुम्ही तर तिथेच होता. ऐकलं नाहीत?"
ऐकलं. दोनदा ऐकलं. 

८ ऑक्टोबर
इस्टेट ऑफिसात चहा पिऊन आलो. बाबू हसला. "आदेश दिल्ली का है, बालूभाई. मैडम का तो फोन भी नहीं आया." मनोहररावांना येऊन सांगितलं. म्हणाले, बाबू लोकांना काय कळतं.

९ ऑक्टोबर
दुकानात दिवसभर एकच विषय. पक्ष सुचेताला राष्ट्रीय अध्यक्ष करणार. म्हणजे पुढची निवडणूक जिंकली तर पंतप्रधानपदाला हीच! वय चौतीस, खासदार होऊन अडीच वर्षं. आपल्या फोरमन जयंतरावांची पोर. सातवीत असताना गणपतीच्या वक्तृत्व स्पर्धेत माइकचा दांडा मीच खाली करून दिला होता. तेव्हाही पाठांतर विसरली, आणि समोर बघून जे सुचलं त्यावर पहिलं बक्षीस घेऊन गेली.
एक गिऱ्हाईक म्हणालं, "अपने बरखेड़े की लड़की देश चलाएगी, लाइटिंग फ्री में लगाओगे ना?"
लावीन म्हटलं. पण जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर
सुचेता घरी आली. गाडी लांब उभी करून, एकटीच. स्वयंपाकघरात खाली बसून इंदूच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली, ताट स्वतः धुतलं.
मी विचारलं, क्वार्टरांचं कुणाशी बोललीस?
"सुरेशभैया म्हणाले होऊन जाईल."
"आणि नाही झालं तर?"
"काका, त्या बायकांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणता येतं?"
खरंच विचारत होती. खोटी नाही पोरगी, तेच तर अवघड आहे. मागून कुणी काही सांगितलं की तिथल्या तिथे तिला ते मनापासून पटतं, म्हणून लोकांनाही पटतं. "हे का बोलायचं" एवढं विचारायची सवय नाही. आहे कुठे वेळ तिला?
म्हटलं, मनोहररावांनी टेम्पो रद्द केलाय तुझ्या शब्दावर. डोळे भरले तिचे. "उद्याच बघते, काका."
जाताना दारात म्हणाली, "दिल्लीहून पक्षाचे गोपीनाथजी येताहेत. माझ्याबद्दल रिपोर्ट त्यांचाच जाणार. तुम्हालाही विचारतील. खरं तेच सांगा."
दोन पायऱ्या उतरली. परत वळली.
"पण चांगलं सांगा."

१३ ऑक्टोबर
इंदू म्हणते, आपली पोर आहे, दोन शब्द चांगले बोललात तर काय बिघडतं? मी म्हटलं, देशाचा प्रश्न आहे.
"हो, तुम्हाला विचारूनच तर चाललाय देश."
पोळ्या लाटता लाटता बोलते आणि वर बघतही नाही.

१६ ऑक्टोबर
मनोहररावांच्या क्वार्टरांच्या ओळीची वीज तोडली. दुपारी माणसं आली, सामान अंगणात काढलं. कपाट, कूलर, पितळी भांडी सगळं उन्हात. मिसरोदची जागा एव्हाना दुसऱ्याला गेलेली. मी टेम्पो नेला, दोघांना माझ्या मिसरोदच्या गोदामावरच्या खोलीत उतरवलं. खाली तंबूंचे बांबू, वर हे दोघं.
सुचेताचा फोन लागत नव्हता. ती जबलपूरला, सभेत.
मनोहरराव वाटेत एवढंच म्हणाले, "ती बोलली तेव्हा खरंच वाटलं हो."
शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर
उद्या अकराला गोपीनाथजी दुकानात येणार. काय सांगू? नाही म्हटलं तर जयंतरावांच्या पोरीच्या पानातलं मी काढून घेतलं. हो म्हटलं तर मनोहररावांचं जे झालं ते साऱ्या देशाचं.
दुपारी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे स्पीकर पाठवले.

१९ ऑक्टोबर
सांगितलं.
गोपीनाथजी हबीबगंज स्टेशनवरून सरळ दुकानात आले. रिक्षाने. कुर्त्याला एक सुरकुती नाही, आवाज हळू, चहा बिनसाखरेचा. "सुना है साइकिल पर एक भोंगा बाँधकर शुरू किया था आपने. अब तीन दुकानें." माहिती काढून आलेत, हे कळलं. तरी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
"मंच पर जो बैठते हैं उनसे मैं नहीं पूछता. आप बताइए, तैयार है?"
मी सगळं सांगितलं. हेडफोन, कुजबुज, क्वार्टर, मनोहरराव. म्हटलं, तिच्यासारखं बोलणारं या देशात कुणी नाही, पण अजून मागचा जे बोलेल ते तिचं होतं. पाच वर्षं द्या. उलटा प्रश्न करायला शिकू द्या. मग खुशाल देश द्या.
इतकं नीट ऐकणारा माणूस मी राजकारणात पाहिला नव्हता. मध्ये दोनदाच बोलले.
"पीछे कोई भी बैठा हो, तब भी?"
कुणीही, मी म्हटलं.
"और बाद में पूछती नहीं, कि यह मुझसे क्यों बुलवाया?"
अजून तरी नाही.
त्यांनी मान हलवली. आणखी एक चहा मागितला, तो निवांत प्याले. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. "आप जैसा साफ़ आदमी नहीं मिलता, बालूभाई."

२० ऑक्टोबर
इंदू बोलत नाही माझ्याशी. सुचेताचा मेसेज आला, "थँक्यू काका". गोपीनाथजींनी तिला काय सांगितलं असेल? उत्तर दिलं नाही. पोरीला आज ना उद्या कळेलच, काकानेच पाय ओढला. पण पाच वर्षांनी तीच म्हणेल, बरं केलंत. म्हणेल ना?

२४ ऑक्टोबर
टीव्हीवर दिल्ली. राष्ट्रीय अध्यक्ष — सुचेता! बाहेर फटाके, इंदू पेढे आणायला धावली. भाषण सुरू झालं, आणि बोलता बोलता ती अर्धा श्वास थांबली. आज माझ्या कानाला हेडफोन नव्हता. सुरेश कुठे दिसला नाही. तिच्या पाठीला खुर्ची चिकटवून गोपीनाथजी बसले होते.